पावसाळ्यापुरता ठेवलेला सेट

२७ ऑगस्ट २०००

जयवंतीने आज पुन्हा विचारलं — "दाऊदभाईंचं दुकान अजून गळतंय का हो?" प्रश्न साधाच. पण विचारताना बघत होती ॲम्प्लिफायरकडे!

गळतंय म्हणालो. जव्हारात पावसाळ्यात कुणाचं गळत नाही? किराणावाले साखरेची पोती, कापडवाले तागे, सगळे चार महिने ओळखीच्या कोरड्या घरात ठेवतात. म्हणून तर जूनमध्ये ही थाप सुचली. ॲम्प्लिफायर, टेपडेक, कमरेएवढे दोन बॉक्स — सगळं रेडिओ दुरुस्तीवाल्या दाऊदभाईचं, पावसाळ्यापुरतं आपल्याकडे. मला मुंबईहून माल आणून दिला त्यानेच. शपथ घातली त्याला, कुणीही विचारलं तरी तुझंच म्हणायचं. हसला. "मी बोलेन साहेब. पण पाऊस संपल्यावर?"

वेतन आयोगाचा फरक मे महिन्यातच हातात पडलाय. त्यातून मागच्या दारी संडास बांधायचा होता. तीन वर्षं वाट बघतेय बिचारी. रोज उजाडायच्या आत टमरेल घेऊन ओढ्याकडे, भर पावसात. फरक कुठे अडला विचारते. वर अडलाय म्हणतो.

३ सप्टेंबर

रविवार. नवी कॅसेट लावली. अहाहा! डोळे मिटले की गवई समोर बसलेला. त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो!

डोळे उघडले तर ही दारात, हातात सूप, तांदूळ तसेच. सेटकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "एवढं आवडतं तुम्हाला?"

या प्रश्नात काय होतं? टोमणाच असणार.

९ सप्टेंबर

ऑफिसातला शिपाई सोम्या सहज बोलला, "वहिनी दाऊदच्या दुकानात दिसल्या."

कशाला? घरी विचारलं कुठे गेली होतीस. "बाजारात, सुकट आणायला." मग सुकट कुठाय? "संपली होती."

जव्हारच्या बाजारात सुकट संपली! बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा खोटं बोलली माझ्याशी. असा राग आला! (मी कोण रागावणारा, ते राहू दे.)

१० सप्टेंबर

दाऊदला गाठलं. फोडलंस ना? "अल्ला कसम साहेब, एक शब्द नाही." मग आली कशाला होती? त्याने मान खाली घातली, उघड्या रेडिओत कथलाचा डाक देत बसला. "भाभींनाच विचारा. पण लवकर विचारा."

दोघं मिळून काहीतरी शिजवतायत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे खरंच काहीतरी आहे!

११ सप्टेंबर

विचारलं नाही.

२२ सप्टेंबर

तिच्या कानात कुड्या नाहीत! भोकांत कडुनिंबाच्या काड्या. म्हणे फिरकी ढिली झाली, सोनाराकडे दिल्यात. किती दिवस लागतात फिरकीला?

कळलंय तिला सगळं. पैसा जमवतेय, दाभोशाला माहेरी जाणार. ती पाण्याला गेल्यावर ट्रंक उघडून पाहिली. लुगडी सगळी जागेवर. लाज वाटली. तरी पुन्हा एकदा पाहिली.

१ ऑक्टोबर

पाऊस गेला. चार दिवस लख्ख ऊन, माळावर खुरासणी पिवळीधमक. आता सेट कुठल्या तोंडाने ठेवू?

"दसऱ्याला पोचवायचं ना दाऊदभाईंचं सामान?" म्हणाली — आणि हसली! आज सांगायचंच ठरवलं. फरक मेमध्येच आला, मी उडवला, चुकलो. चहा पिताना तोंड उघडलं, आणि साखर कमी आहे म्हणालो.

७ ऑक्टोबर, दसरा

विळा, कोयता, पाटा-वरवंटा मांडून पूजा केली. शेवटी तिने ॲम्प्लिफायरलाही कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. म्हटलं, दुसऱ्याच्या वस्तूला हार कशाला?

"दुसऱ्याची कशी? घेतला मी तुमच्यासाठी. दाऊदभाई पैसे घेतच नव्हते, नको भाभी, नको भाभी! मीच कुड्या मोडल्या न् कोंबले त्यांच्या हातात. संडासाचं काय, फरक आला का होईलच."

येईल, म्हणालो.