पहिलं वाक्य इन्कोरोनाताला

१४ जानेवारी
नाकातून मसुराएवढा तुकडा काढला. त्यातून म्हणे श्वासनळीचं नवं अस्तर वाढवणार – बशीत! फडक्याखाली पावाचं पीठ फुगत ठेवतात तसं. डॉक्टरीण बेर्गोंझी म्हणाली, "आजी, आत जिथे भाजलंय तिथे तुमच्याच पेशींचं ठिगळ लावायचं." पोरगी नातीच्या वयाची, नखं कुरतडलेली. शिवाय पेशींच्या जनुकांत का कशात आधी नवा निरोप घालणार, व्रण धरू नका म्हणून. माझा मुलगा सावेरियो पन्नास वर्षं माझा एक निरोप ऐकत नाही, आणि पेशी ऐकणार! पाटीवर लिहून दाखवलं. हसली. म्हणजे कळलं नाही.

१५ जानेवारी
पाटी हॉस्पिटलची. वही माझी. हिच्यात कुणी डोकवायचं नाही.

२ फेब्रुवारी
सून आली, इन्कोरोनाता. गावाहून आठ तास गाडीत बसून, आणि आणलं काय? कडक टराल्ली बिस्किटं! घशाखाली पाणी उतरताना मारामार, आणि ही टराल्ली आणते. गळ्यातली नळी मात्र नर्सपेक्षा बरी पुसते, नाक मुरडत नाही. बरोबरच आहे. जिने जाळलं तिने पुसावं.

ऑक्टोबरातली गोष्ट. ऑलिव्हचा कडूपणा काढायला इन्कोरोनाताने कॉस्टिक सोड्याचं पाणी केलं, लेमनेडच्या बाटलीत भरलं. आमच्या गल्लीत अशा विषारी बाटलीच्या गळ्याला खूण म्हणून लाल लोकर बांधतात. सगळ्या बांधतात! मी सकाळपासून हिवाळ्यासाठी टांगायला शेवटचे टोमॅटो दोऱ्याने घोसात बांधत बसले होते. तहान लागली. बाटलीला लोकर नव्हती. एक घोट, ठसका, अर्धं श्वासनळीत. तेव्हापासून गळ्याला भोक, भोकात नळी, आवाज बंद.

आणि ही? "आई, मी बांधली होती हो! मादोन्नाची शपथ, बांधली होती."

लोकर काय चालत गेली?

९ मार्च
ठिगळ लावलं. खोकायचं नाही म्हणे. तुम्ही आधी न खोकता राहून दाखवा, मग मला सांगा.

सावेरियोचा फोन – "मम्मा, कशी आहेस?" मुक्या बाईला फोन करतो. गाढव!

२१ मार्च
कॅमेरा घालून आत बघितलं. "धरतंय, आजी! गुलाबी दिसतंय!" – डॉक्टरीण नाचायचीच बाकी होती.

शेजारच्या खाटेवरच्या वेलियाचं धरलं नाही. भोक आता जन्मभर राहणार. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलीय. माझी बिस्किटं तिच्या टेबलावर ठेवली. मऊच पडली होती.

४ एप्रिल
आवाज आला की पहिलं वाक्य इन्कोरोनाताला. पाच लिहिली, चार खोडली. राहिलं ते हे – "शपथ घेऊन खोटं बोलतेस, माझ्या घरात तुझं ताट नाही." छोटं आहे. एका श्वासात होईल.

१९ एप्रिल
पुन्हा आली. माझे केस विंचरले, नळी पुसली, मग खाली बघून म्हणाली, "सोडा आता, आई. नसेल बांधली मी. चुकले."

बघा! सहा महिन्यांनी कबुली! आता तर बोलणारच.

२८ मे
नळी काढली. भोकावर पट्टी. नाकातोंडाने श्वास, सगळा, घरघर नाही. डॉक्टरणीच्या कॉफीचा वास आला – जळकी होती.

"बोला ना आजी, काहीही!"

नाही बोलले. वाक्य दुसऱ्या कुणाचं आहे, हिच्यावर का वाया घालवू? तिचे डोळे भरले. नाही जमलं असं वाटलं असेल तिला. वाटू दे. मग पाटीवर लिहिलं – "जमलंय. कॉफी बदल."

८ जून
उद्या घरी. अख्खी गल्ली जेवायला. माझा आवाज ऐकायचाय सगळ्यांना. ऐका!

९ जून
तेल घ्यायला कोठीत आले. खुंटीला मागच्या ऑक्टोबरातला तो शेवटचा घोस तसाच आहे. टोमॅटो सुकून चामडं झालेत. दोरा संपला होता त्या दिवशी, आता आठवतंय – हाताला लागलं ते घेतलं.

देठांना लाल लोकर. दुहेरी गाठ. घरात अशी मी एकटीच मारते.

बाहेरून इन्कोरोनाता हाक मारतेय, "आई, या ना! सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

पाटी कुठे ठेवली मी?