हौदाचं छत

दि. १४ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. नगरपालिकेचा मुख्याधिकारी झालास, दारावर पाटी लागली, तरी माझ्या कागदावर टिल्लूच राहशील.

इकडे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, तुझे दाजी त्याहून जास्त. डॉक्टरांनी मला पोहायला सांगितलंय. कुठे, ते विचारू नकोस.

परवा तुझ्या ऑफिसातून निघाले ती घरी गेले नाही, आपल्या जुन्या पोहण्याच्या हौदावर गेले. दाराला कुलूप आहे, पण कपडे बदलायच्या खोलीची खिडकी अजूनही नीट लागत नाही. आत डोकावले. घुमटाच्या जागी नुसतं आकाश. ओट्यावर गवत. भिंतीवरच्या निळ्या फरश्या पाणी पिऊन सुटायला लागल्यात.

आठवतं? आई बायकांच्या वेळेची राखणदार, गळ्यात शिट्टी. शाळा सुटली की आपण तिथेच. शेवटची बाई गेली की फरशी घासायची, आणि त्याची मजुरी म्हणून अख्खा हौद आपला. उताणं पडून तरंगायचं. घुमटाच्या रंगीत काचांतून ऊन पाण्यावर उतरायचं. "लाल माझा, पिवळा तुझा," म्हणून तू वाटण्या करायचास आणि ढग आला की भोकाड पसरायचास. आई काठावरून ओरडायची, "अंग सोड रे, पाणी धरतं!" तो आवाज घुमटात फिरून पुन्हा आपल्यावर पडायचा. आता तो फिरायला जागाच नाही.

मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. तू माझ्याच वर्गात होतास, आणि 'नगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये' हा प्रश्न नेहमी ऑप्शनला टाकायचास. हौदासारखं संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव आलं, की ती जपणं ही नगरपालिकेची मर्जी राहत नाही, कायद्याची सक्ती होते. आपणच कुजवायची आणि मग धोकादायक म्हणून पाडायची, हे तर मुळीच चालत नाही.

परवा तू म्हणालास, "ताई, काचा कोणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून छत उतरवलं."

"बरं केलंस. परत कोण बसवणार?"

"निधी नाही."

"मग पावसाळाभर छत्री तरी धरायचीस!"

तू हसलास. मग दार लोटून हळूच म्हणालास, "नगराध्यक्षांना हौद पाडून तिथे दुकानं हवीत. माझी निवृत्ती तोंडावर आलीय गं."

आता इतका वेळ जे टाळलं ते लिहिते. मी कोर्टात गेले आहे. पाडकामाला स्थगिती मागितली आहे. नगरपालिकेवरचा दावा मुख्याधिकाऱ्याच्या नावाने लागतो. पहिला प्रतिवादी तू. सोमवारी नोटीस येईल. परक्याच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

दाजी म्हणाले, "सख्ख्या भावावर दावा?"

मी म्हटलं, "खुर्चीवर."

"आणि खुर्चीत कोण बसलंय?"

मी त्यांच्या चहात साखर घातली नाही.

दुरुस्तीचा प्रस्ताव तू सभेपुढे ठेवला होतास आणि नगराध्यक्षांनी तो दाबला, हे तू माझ्या घरी जेवताना बोललास. ते मी दाव्यात लिहिलेलं नाही. घरातलं बोलणं घरातच ठेवलंय. पण वकीलबाई म्हणतात, तेच तू शपथेवर सांगितलंस तर हौद वाचेल. सांगितलंस तर नोकरीचे उरलेले दिवस नगराध्यक्ष तुला सुखाने काढू देणार नाहीत, हेही मला कळतं. म्हणून सांग असं म्हणत नाही. एवढंच, की साक्षीच्या दिवशी मी समोरच्या बाकावर असेन आणि तू बोलताना मी दुसरीकडे बघणार नाही.

निकाल काहीही लागो, बाहेर पायरीवर थांब. माझा गुडघा असा, हात धरून उतरवायला कोणी हवं.

कोर्टात तुझ्याविरुद्ध, बाकी सगळीकडे तुझीच,

ताई