आई विचारतेय

प्रिय शेल्बी,

तुमचं जहाज शुक्रवारी सकाळी आपल्या गावापुढे नांगर टाकणार, हे आता नक्की झालं. काल दुपारी मोझेसीने गावच्या रेडिओवर तसं सांगितलं. शिकाऱ्यांच्या समितीचा अध्यक्ष तोच, त्यामुळे त्याने सांगितलं म्हणजे पक्कं. यंदा पाहुण्यांना किनाऱ्यावर पाय ठेवू द्यायचा नाही, असं म्हणणारे बरेच होते. पण शेवटी हॉलमधला कार्यक्रम होऊ द्यायचं ठरलं. ढोल वाजेल, पोरी घशातली गाणी म्हणतील, चहा आणि तव्यावर भाजलेला बॅनक पाव मिळेल. मोझेसीने हे सगळं वाऱ्याची दिशा सांगावी तशा आवाजात सांगितलं आणि लगेच कोणाची तरी कुत्री सुटल्याची बातमी दिली.

पहिल्याच शब्दाला तुला ठेच लागली असेल. तुझ्या जन्मापासून मी तुला या नावाने कधी हाक मारली नाही. शेल्बी हे नाव तुझ्या शाळेच्या दाखल्यावर होतं आणि आता जहाजावरच्या बिल्ल्यावर आहे. घरी तू कौनाक, म्हणजे माझी आई. आई गेली त्याच हिवाळ्यात तू झालीस. बाबांनी तुला मांडीवर घेतलं, तुझ्या कानाशी तिचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "आलीस का? फार वाट पाहायला लावलीस." तेव्हापासून ते तुला बायको म्हणतात, तुझा बाप जोएली तुला आई म्हणतो, मीही आईच म्हणते. पाच वर्षांची असताना तू बाबांना जेवताना दटावलंस, "हळू खा, कोणी पळवून नेत नाहीये." आई अगदी हेच म्हणायची. घरातले सगळे हसता हसता रडले होते. आणि मी दुसरं लग्न करायचं ठरवलं तेव्हा रीतसर तुझी परवानगी मागितली. तू बॅनक चघळत विचार केलास आणि म्हणालीस, "चालेल, पण त्याचे मोजे घाण असतात." ते अजूनही घाण असतात.

हे पत्र मी उद्याच्या विमानाने पाठवतेय. जहाज आपल्याकडे येण्याआधी शेजारच्या गावाला थांबतं, तिथल्या सहकारी दुकानात तुझी मैत्रीण सीला आहे, ती तुझ्या हातात देईल. उपग्रहावर चालणारं ते छोटं यंत्र घरातच आहे, पण त्यावर तुला काही लिहायला आता हात धजत नाही.

इकडचं म्हणशील तर बाबांचा खोकला कमी आहे. गुडघा तसाच. जोएली रोज जाळं टाकतो, मासे बरे लागतात. पण या वर्षी आपल्याकडे देवमाशाच्या कातडीचं मक्ताक नाही. शेजारच्यांनी त्यांच्यातला तुकडा आणून दिला, बाबांनी तो हातात घेतला, कातडीवरून अंगठा फिरवला आणि परत ताटात ठेवला. म्हणाले, "दात दुखतायत." त्यांना आता दात किती उरलेत ते तुला माहीत आहे. आपल्या घरी चहाही हल्ली कमी लागतो. सकाळी सवयीने मोठी किटली भरते आणि दुपारी अर्धी ओतून देते.

आतल्या खाडीवर शिकारीला गेलो त्या वेळी बाबा वेगळेच होते. होडीत त्यांना दोघांनी उचलून बसवावं लागलं, पण खाडीचं तोंड दिसल्यावर ताठ झाले. नारव्हाल देवमासे अजून बाहेर होते, आत यायचे होते. तुला तिथली रीत सांगायला नको, पण लिहिते, कारण लिहिताना मला आई दिसते. तिथे कोणी दगड टाकत नाही, कोणी होडीच्या कडेवर भांडं आपटत नाही, इंजिनं वर उचलून ठेवलेली असतात, पोरं तंबूत बसून कुजबुजतात. लहानपणी माझ्या हातून एकदा किटलीचं झाकण खडकावर पडलं होतं. आईने मला मारलं नाही, ओरडली तर नाहीच. तिने ते झाकण उचललं आणि सबंध मुक्कामभर स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवलं. चहा झाला की खिशातून काढायची, ठेवायची, परत खिशात. मी तेवढ्याने शहाणी झाले.

ते आत आले तेव्हा पाणी आरशासारखं होतं. आधी श्वास ऐकू आले, मग पाठी दिसल्या, पिल्लांसकट माद्या, आणि मागून सुळेवाले नर. जोएली खडकावर पालथा पडून होता, बंदूक आणि भाला शेजारी. ते अजून लांब होते, अजून थांबायचं होतं. बाबा तंबूच्या दारात दुर्बीण घेऊन बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आईची अर्धगोल सुरी, तिची उलू होती, कापायला. ती त्यांनी तुझ्यासाठी आणली होती. म्हणाले, बायको उतरली की पहिला तुकडा तिने कापायचा. तुझं जहाज शिकार संपल्यावर गावाला येणार होतं, तोवर मक्ताक टिकलं असतं.

तेव्हाच ते यंत्र थरथरलं. एरवी तू त्यावर काय लिहितेस? 'आत्या, काय चाललंय', 'आत्या, इथलं जेवण बेचव आहे'. आई म्हणायचं ते आम्ही, तू स्वतः नाही, तुला त्याची थोडी लाज वाटायची, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी तू लिहिलंस, 'खाडीत आलेत का? आई विचारतेय.' मी ते दबक्या आवाजात वाचून दाखवलं. बाबा दुर्बीण खाली न घेता म्हणाले, "सांग, भरलेत. बायकोला नाही सांगायचं तर कोणाला?" मी लिहिलं, 'खाडी भरलीय, पिल्लंही आहेत, तुझा नवरा पोरासारखा खूश आहे.' तू हसरा चेहरा पाठवलास.

आम्ही ऐकण्याआधी त्यांनी ऐकलं. सगळ्या पाठी एकदम थांबल्या. मग पाणी नुसतंच राहिलं. त्यानंतर आम्हाला इंजिनांचा आवाज आला आणि टोकाला वळसा घालून रबरी होड्या आत आल्या, एकामागून एक, लाल जॅकेटांनी भरलेल्या. पुढच्या होडीत तू उभी होतीस. तू हात हलवलास. जोएली खडकावरून उठला नाही. बराच वेळ तसाच पडून राहिला, जणू काही झालंच नाही.

तरीही आम्ही चहा केला. तंबूपाशी आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो. तुमचा मोहीमप्रमुख चांगला सभ्य वाटला, टोपी काढून बोलत होता. त्याने विचारलं, "आज देवमासे दिसले का?" बाबा म्हणाले, "होते." तू त्याचं भाषांतर करताना 'अजून दिसले नाहीत' असं सांगितलंस. मला तेवढं इंग्रजी येतं, शेल्बी. आणि एक म्हातारी बाई, केस अगदी आईसारखे पांढरे, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तूच का ती, जी शेल्बीला आई म्हणते? तिने आम्हाला जहाजावर सांगितलं. किती गोड. आम्ही सगळे रडलो." मी तिला बॅनक दिला. तिचा राग नाही मला. ती थंडीने कुडकुडत होती आणि खरंच रडली असणार. निघताना तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालीस, "काय ग आत्या, तोंड का पाडलंयस? येतील की परत." ते परत आले नाहीत. वारा फिरला, बर्फ आत आलं, आम्ही तंबू गुंडाळले.

तुला जहाजावर मार्गदर्शकाची ही नोकरी मिळाली तेव्हा समितीत कुरकुर झाली होती. बाबा काठी टेकत तिथे गेले होते. म्हणाले होते, "बोटी येणारच आहेत. त्यांच्यात आपलं माणूस असलं तर निदान कुठे गप्प राहायचं ते त्यांना कळेल." तुमच्या लोकांनी शब्द दिला होता की शिकार चालू असताना खाडीत शिरणार नाहीत. म्हणून मी आधी जहाजाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात तुला सोडून सगळ्यांना दिल्या. वाटलं, कोणीतरी वरून हुकूम सोडला असेल, तू बिचारी काय करशील. तू अडवायचा प्रयत्नही केला असशील, असं मी जोएलीला सांगितलं. तो म्हणाला, "असेल," आणि जाळं विणत राहिला.

मागच्या आठवड्यातल्या बैठकीत जहाजाचं उत्तर मोझेसीने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या गावच्या मार्गदर्शकाने खात्री दिली होती: मुक्कामावरच्या घरच्या माणसानेच बोलावलंय, शिकार नाहीये, या. मग मोझेसीने विचारलं, "मुक्कामावरून कोणी बोलावलं?" मी उठत होते. मी तुझं नाव घेणार होते, तू काय विचारलंस आणि कोणाच्या नावाने विचारलंस, ते सगळं सांगणार होते. बाबांनी माझ्या हातावर हात दाबला आणि स्वतः उठले. गुडघ्यामुळे वेळ लागला. म्हणाले, "मी सांगितलं. खाडी भरलीय असं मी कळवलं." बसले. मोझेसीने कागदाची घडी घातली. घरी येताना मी म्हटलं, "हे काय केलंत तुम्ही?" ते म्हणाले, "खोटं कुठे बोललो? आणि बायकोची बाजू नवऱ्याने नाही घ्यायची तर कोणी?"

तेव्हापासून सकाळी आपल्याकडे कोणी येत नाही. वारा कुठून फिरेल, बर्फ कधी धरेल, हे विचारायला जी पोरं चहाच्या निमित्ताने यायची, ती आता दारावरून जातात आणि मान खाली घालतात. उद्धटपणा कोणी करत नाही. फक्त विचारत नाहीत. ज्या माणसाने मुक्कामावरून खाडीची खबर फोडली त्याला पाण्याबद्दल काय विचारायचं? बाबा खिडकीशी बसतात आणि मला विचारतात, "आज कोणी बाहेर गेलं का?" मी सांगते, "गेले." ते म्हणतात, "दुपारून वारा येईल," आणि ते ऐकायला मी एकटीच असते. एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. नारव्हाल पुढच्या वर्षी येतील. बाबांचं वय पुढच्या वर्षीचा भरवसा देत नाही, आणि गावाने त्यांना विचारलं नाही तर त्यांच्याकडे दुसरं काय उरतं, ते तू कौनाक असशील तर तुला सांगायला नको. शुक्रवारी दुपारी ते हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसतील. निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. ते सगळ्यांसमोर तुला बायको म्हणतील, पाहुणे हसतील. मग दरवर्षीसारखा मोझेसी तुझ्या हातात माईक देईल, आधी आपल्या भाषेत बोलायला आणि मग त्यांच्या. आपल्या भाषेत तू काय बोलतेस ते तुझ्या पाहुण्यांना कळणार नाही, आम्हाला कळेल. मी दाराशी चहाचं भांडं घेऊन उभी असेन. ते ऐकलं की तुला कोणत्या नावाने हाक मारून कप द्यायचा, ते मला समजेल.

आजवर इथे 'तुझीच मुलगी' लिहीत आले. आज नुसतीच

तुझीच,
रोडा आत्या