व्हिसा असेपर्यंत

मंगळवार, ६ मार्च २००१
अल मजाज, शारजा

आज दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने आमची आरोग्यविम्याची कार्डं परत सरकवली. "मॅडम, ये तो खलास. कंपनीने कॅन्सल कर दिया." अरुणच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी होती. त्यासाठी त्याने स्वतः शर्टाला इस्त्री केली होती. नीट दिसत नाही, कॉलर दुमडलेलीच राहिली.

मी साठाव्या वर्षीच निवृत्त होणार होते. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमच्याशिवाय ऑफिस चालेल कसं?" मी फुगले आणि तीन वर्षं थांबले. कामाच्या नादात नवऱ्याचे डोळे मात्र पुढे ढकलत राहिले. निरोपाचा केक कापताना हाच मॅनेजर म्हणाला होता, "व्हिसा आहे तोवर तुमची दोघांची कार्डं चालू." व्हिसा तर अजून आहे. त्याचं बोलणं मी लिहून का नाही घेतलं? शिपायाची अर्ध्या दिवसाची रजासुद्धा मी कधी तोंडी मान्य केली नाही.

आता पुण्याला जाऊन नवी पॉलिसी घेतली, तरी आधीचं दुखणं त्यात बसत नाही. अरुण म्हणतो, "जाऊ दे गं. तुझा राग एका डोळ्यानेही दिसतो." शर्ट त्याने पुन्हा घडी करून ठेवलाय, दुमडलेल्या कॉलरसकट.

उद्या मॅनेजरला या कार्डांबद्दलचं पत्र मी स्वतः नेऊन देणार. गुरुवारी दुपारी एकच्या आत लेखी उत्तर हवं, सहीनिशी. आजवर त्याची सगळी पत्रं मी टाइप केली. हे एक त्याने स्वतः करावं.