बोनेटखालचं हिरवं

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सायंकाळ.
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं एसटी डेपोच्या स्टोअरला रजिस्टर भरलं, रिटायर झाल्यापासून हाताला चाळा नाही. विषय फक्त गाडी. घरगुती काही लिहायचं नाही.

गाडी गरम होते. जळबा मेकॅनिक म्हणाला, वॉटर पंप गेला, दोन दिवस द्या. दिली नाही. आजवर किती वॉटर पंप या हातांनी दिले! दिले म्हणजे खिडकीतून, सही घेऊन. पण पार्ट ओळखतो. बसवायचं तेवढं राहिलं होतं आयुष्यात.

घाईचं कारण नोंदवून ठेवतो. राजनंदिनीला, म्हणजे आमच्या एकुलत्या लेकीला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचंय. सातवा चालू आहे. आठव्यात लेक आणत नाहीत, आणि आठवा लागतो वीस तारखेला. अठरा दिवस आहेत. सेनगावहून तिचं सासर, कळमनुरी, तास-दीड तासाचा रस्ता. बायकोला, आशाबाईला, सांगितलं, आपल्याच गाडीतून आणू. ती बरं म्हणाली.

५ फेब्रुवारी, बुधवार.
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. हिंदी बोलणारा माणूस आहे. अकरा मिनिटांत पंप बदलतो. मला बेल्ट काढायलाच दुपार झाली. त्याची गाडी स्वच्छ होती, हा फरक.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
पंप बसला. एक बोल्ट आणि एक क्लिप उरली. कंपनी दोन-चार जास्तीचे देत असणार. डबीत ठेवले.
नवीन कूलंट भरलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी. हिरवंगार. सेल मारला, गाडी चालू! उष्णतेचा काटा मधोमध. आशाबाई दारात उभी होती, म्हणाली, मंग उद्या जायचं का कळमनुरीला? म्हटलं, घाई नको, दोन दिवस निरीक्षण.
गाडी आतापर्यंत गल्लीत उभी असायची. आज अंगणात घेतली. नजरेसमोर बरी.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.
बोनेटखाली ओलं. बोट लावलं. हिरवं.
गळती. जायचं रद्द.
आशाबाईला बोट दाखवलं. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. बायकांना इंजिनातलं कळत नाही.
काही वाटलं नाही. हात धुतले. चहा घेतला.

१० फेब्रुवारी, सोमवार.
काल सगळ्या होजचे, म्हणजे रबरी नळ्यांचे, क्लॅम्प आवळले. आज पुन्हा हिरवं. इतकंच, तिथंच.
संकल्प: रोज सकाळी सातला तपासणी. पाचला उठलं तर अजून बरं, पण एकतीस वर्षं पहिल्या गाडीच्या वेळेला उठलो, आता नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
शास्त्रशुद्ध पद्धत. काल संध्याकाळी बोनेटखाली कोरा पुठ्ठा पसरला. थेंब कुठं पडतो त्यावरून गळतीची जागा कळते.
सकाळी पुठ्ठा भिंतीला उभा. जमीन हिरवी. वाऱ्याने उडाला असावा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
पुठ्ठ्यावर दगड ठेवला होता. सकाळी पुठ्ठा भिंतीला, दगड त्याच्या पायथ्याशी. वारा जोराचा असणार.
आशाबाई गाडीच्या चाकाला खेटून रांगोळी काढते. निरीक्षणात अडथळा येतो म्हणून सांगितलं. ऐकत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
जळबा स्वतःहून आला. मी बोलावलं नव्हतं. रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं, बाटलीतली लेव्हल पाहिली. म्हणाला, "काका, पानी तर जरा बी कमी झालं न्हाई. मंग गळून काय राहिलं?"
त्याला सांगितलं, गळती सूक्ष्म आहे. तो म्हणाला, सूक्ष्म म्हणता अन् अर्धं अंगण भिजतं. मी विषय बदलला. शिकलेला नाही, त्याचा दोष नाही.
जाताना म्हणाला, ताईला आणायचं असेल तर माझी जीप घेऊन चला, मी चालवतो. म्हटलं, आपली गाडी असताना लोकाची जीप कशाला.

१६ फेब्रुवारी, रविवार.
घरगुती लिहायचं नाही असं ठरलं होतं. पण नोंद अपुरी नको.
राजनंदिनीने दोन वर्षांपूर्वी धम्मानंदशी हिंगोलीला रजिस्टर लग्न केलं. मुलगा शिक्षक आहे, व्यसन नाही. मी लग्नाला गेलो नाही कारण त्या दिवशी गाडीचा क्लच गेला. मला जातीपातीचं काही नाही. डेपोत त्यांच्या समाजातल्या सदाशिवसोबत सव्वीस वर्षं एका डब्यात जेवलो. लेकीचं म्हटलं की वेगळं असतं, एवढंच.
बोलणं बंद आहे असंही नाही. तिचा फोन येतो. त्या वेळेस मी अंगणात असतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
हिंगोलीला गेलो, एसटीने. यादी: कूलंट एक कॅन, एम-सील चार, होज एक, आशाबाईने सांगितलेली सड्याची पूड दोन पुड्या. गल्लीत आता कोणाकडं म्हैस राहिली नाही, शेण मिळत नाही, म्हणून सड्याला पूड लागते. सगळं आणलं. पूड तिने वरच्या फळीवर ठेवली.
नवीन होज बसवला. उद्या कोरडं असणार. खात्री आहे. उद्या निघायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.
हिरवं. कालच्यापेक्षा गडद.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
आठवा लागला. आता महिनाभर आणता येत नाही. एका अर्थी बरं झालं, नीट दुरुस्ती करायला वेळ मिळाला. आशाबाईने राजनंदिनीला फोनवर सांगितलं, नवव्यात आणू. फोन ठेवून ती तांदूळ निवडत बसली. आधी निवडलेलेच होते.

४ मार्च, मंगळवार.
रेडिएटरमध्ये हळद टाकली. जुने ड्रायव्हर टाकायचे, बारीक भोक बुजतं. पाच चमचे. आशाबाई म्हणाली, भाजीला ठेवा थोडी.

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.
झाकण उघडलं. आतलं पाणी पिवळं. बोनेटखालचं हिरवंच.
विचार केला. उष्णतेने रंग बदलत असणार. रसायनशास्त्र आहे.

९ मार्च, रविवार.
पंप, होज, रेडिएटर, सगळ्याला एम-सील लावला. इंजिन आता ओळखू येत नाही. शेजारच्या भिकाबाईने कुंपणावरून विचारलं, लेक कधी येऊन राहिली? म्हटलं, गाडी झाली की. म्हणाली, गाडी झाली न्हाई तर लेकरू थांबणार हाय का? खूप बोलते ती बाई.

२० मार्च, गुरुवार.
नववा लागला. सकाळी हिरवं.
आशाबाईने जळबाच्या जीपचं विचारलं. म्हटलं, जळबाच्या ड्रायव्हिंगचा भरवसा नाही. मग तिने एसटीचं विचारलं. म्हटलं, नवव्या महिन्याच्या पोरीला एसटीत बसवायचं, लोक काय म्हणतील. 

२३ मार्च, रविवार.
आशाबाई कळमनुरीला गेली. एकटी, एसटीने. बाळंतपण तिथंच होईल, म्हणाली. पिशवीत डिंकाचे लाडू, दोन टोपडी, जुन्या लुगड्याची दुपटी. कधी शिवली कोणास ठाऊक. मी स्टँडवर पिशवी नेऊन दिली. खिडकीतून म्हणाली, "तुमी गाडी दुरुस्त करा. मी लेक सांभाळते."
बस वेळेवर सुटली.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ७.
कोरडं! बोट लावलं, धूळ. पुठ्ठा जागच्या जागी.
एम-सीलने काम केलं. तरी म्हणत होतो. जळबाला सांगायला स्टँडवरच्या त्याच्या गॅरेजात गेलो. तो टायर काढत होता, नुसता हूं म्हणाला.

२५ मार्च, मंगळवार.
कोरडं.

२८ मार्च, शुक्रवार.
कोरडं. गाडी बरी झाली हे आता सिद्ध आहे. पण लगेच लांबवर न्यायची नाही. पंधरा दिवस ट्रायल. रोज स्टँडपर्यंत जाऊन परत. काटा मधोमध.
घरात फार आवाज नाही. वरण करतो, तेच दोन वेळ.

११ एप्रिल, शुक्रवार.
राजनंदिनीला मुलगी झाली. आशाबाईचा फोन आला तेव्हा घरात मीच होतो, उचलावा लागला. दोघी बऱ्या आहेत. वजन पावणेतीन किलो. म्हटलं, छान. म्हटलं, गाडीची ट्रायल चालू आहे.
फोन ठेवल्यावर बोनेट उघडलं आणि थोडा वेळ उभा राहिलो. पाहण्यासारखं काही नव्हतं.

२१ एप्रिल, सोमवार.
धम्मानंदचा फोन. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून उचलला गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा बोललो. आवाज बारीक आहे त्याचा. म्हणाला, "बाबा, येत्या रविवारी लेकीचं नाव ठेवायचंय. राजनंदिनी म्हणते, तुमच्या मांडीवर देऊनच ठेवायचं."
म्हटलं, गाडीचं बघून कळवतो. म्हणाला, मी येऊ का न्यायला, बाईक आहे. म्हटलं, नको, गाडी आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार.
उन्हाने अंगणात धूळ उडते. साखर संपली म्हणून वरची फळी धुंडाळली. साखर नाही, सड्याची पुडी सापडली. फोडलेली होती, बोटाला लागली.
हिरवी.
मगात पाणी घेतलं, चिमूटभर कालवली. अंगणात ओतली. खाली बसून पाहिलं, बोट लावलं. तेच. आशाबाई रोज पाचला सडा टाकायची, गाडी अंगणात होती म्हणून गाडीखालीही टाकायची. पुठ्ठा उचलून भिंतीला लावायची. दगडही उचलायची, तिची कंबर दुखते तरी. ती गेली आणि सडा थांबला.
म्हणजे गाडी सात फेब्रुवारीलाच बरी झाली होती. माझ्याच हातची. अकरा आठवडे झाले.
लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण नोंद अपुरी नको.

२६ एप्रिल, शनिवार.
जायचं ठरलं. कारणच उरलं नाही. टाकी फुल केली. पांढरा सदरा इस्त्री करून आणला. सोनाराकडून चांदीचे वाळे घेतले, पावणेतीन किलोच्या लेकराला किती मोठे लागतात ते कळेना, सोनारानेच दिले. आशाबाईला फोन करून सांगितलं, उद्या सहाला निघतो. ती म्हणाली, खरंच? म्हटलं, गाडी एकदम ओके.
फोनवर मागून राजनंदिनीचा आवाज आला. आई, बाबा येऊन राहिले का, असं विचारत होती. तिला बोलायचं होतं. मी म्हटलं, उद्या भेटतोच की.
मला भीती वाटते. कशाची ते लिहीत नाही.

२७ एप्रिल, रविवार. पहाटे ५.
उठलो. आंघोळ झाली, सदरा घातला. वाळे खिशात.
अंगण कोरडं ठणठणीत. शुभ कामाला निघताना दारात सडा नाही हे बरं दिसत नाही. आशाबाई असती तर तशी निघालीच नसती. बादलीत पूड कालवली. दारापुढे टाकला, फाटकापर्यंत टाकला. थोडा गाडीखाली गेला. तिचाही जायचाच.

सकाळी ७.
रोजची तपासणी. बोनेटखाली ओलं. बोट लावलं. हिरवं.
गळती परत सुरू.
आशाबाईला फोन केला. म्हटलं, गाडी पुन्हा गळायला लागली, आज जमत नाही. मागे लेकरू रडत होतं, भांड्यांचा आवाज येत होता, बरेच पाहुणे असावेत. ती बाहेर आली असावी, आवाज कमी झाला. मग म्हणाली, "वरच्या फळीवरली पुडी सापडली म्हनायची तुमाला."
हात धुतले. चहा घेतला.