भाऊजींनी बैठक कशी जिंकली

प्रिय ताई,

तू उठायच्या आत भाऊजी घरी पोचले नसतील, तर हे आधी वाच. पोचले असतील, तरीही वाच. बैठक संपली. भाऊजींचं नेतेपद राहिलं. मी पक्षकार्यालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या प्रचारफलकांच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे. राग मला नवा नाही, चहा घेतला की उतरतो. आज चहा घेऊनही काही उतरलं नाही. किळस आलीय, ताई, माणसांची.

तुला ठाऊकच आहे, गेले कित्येक महिने भाऊजींचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करायचे. पोटनिवडणुका लागोपाठ हरलो. मतदारसंघात फिरताना बायका मलाच झाडायच्या, 'तुम्हाला मत देऊ हो, पण तुमच्या त्या साहेबांचा फोटो आमच्या भिंतीवर नको.' पाणीपट्टीवरून सभागृह पेटलं होतं त्या दिवशी विरोधी बाकांवरची पहिली खुर्ची रिकामी, आणि साहेब कुणा बड्या घरच्या लग्नात फोटो काढून घेतायत. मंत्र्यांनी आमची यथेच्छ टर उडवली. नेता बदलायला हवा, हे माझंही मत झालं होतं, आणि तुझ्यापासून मी ते लपवलं नाही. तुझ्या पलंगावर बसून सांगितलं, तर तू म्हणालीस, 'बोल की. पण चिडून बोलू नकोस, तुझा आवाज फाटतो.' तुझ्याच नवऱ्याविरुद्ध बोलायला निघालेल्या बहिणीला असला सल्ला तूच देऊ जाणे!

मी काही पुढारपण केलं नव्हतं. नेता बदलायचा ठराव लिहिला आमच्यातल्या वकीलसाहेबांनी. माझ्या घरी येऊन, सोफ्यावर पाय वर घेऊन ते म्हणाले होते, 'बाई, हा माणूस पक्षाला घेऊन बुडणार.' मास्तर तर त्यांच्याही पुढे. भाऊजींच्या प्रत्येक वाढदिवसाला ज्यांनी घसा ताणून भाषणं केली, तेच मास्तर आता 'साहेबांना कुणीतरी आरसा दाखवलाच पाहिजे' म्हणत दारोदार फिरत होते. जो भेटेल तो आपल्याच बाजूचा.

आज दुपारी आम्ही सगळे आमदार लांब टेबलाभोवती बसलो. भाऊजी टोकाला, हाताची घडी घालून. आधी वकीलसाहेब बोलले, मुद्देसूद बोलले, हे मान्य करते. एक-दोघांनी भाऊजींची बाजू घेतली, अधिवेशन तोंडावर आलंय, आत्ता नेता बदलला तर सरकारला आयतं हसायला मिळेल, आणि बदलून आणायचा तरी कुणाला? प्रश्न खरा होता. मी उठले. आवाज फाटू दिला नाही. म्हटलं, 'भाऊजी, तुम्ही मला राजकारणात आणलंत, ते मी विसरलेले नाही. पण आमदारांचे फोन तुम्ही उचलत नाही, सभागृहात थांबत नाही, आणि हरल्यावर कार्यकर्त्यांना दोष देता. तुम्ही स्वतःहून बाजूला व्हा. मान राहील.' टेबलावर बोटं वाजवून दाद मिळाली. ठराव होणार असंच वाटत होतं.

मग भाऊजी उठले. एकाही मुद्द्याला उत्तर दिलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर न लावता हातातच धरला. म्हणाले, 'आज सांगतोच. माझ्या बायकोला कॅन्सर आहे. रोज सकाळी तिच्या उशाशी बसतो, तिला ओकारी होते तेव्हा भांडं धरतो, आणि मग तुमच्यासमोर येतो. तुमचे फोन घेतले नाहीत ते यामुळे. आता काढा मला.'

ताई, भांडं! ज्या भांड्याचा रंगसुद्धा त्यांना सांगता येणार नाही. पहिल्या उपचाराला ते आले होते ते आठवतंय ना? बाहेरच्या पॅसेजमध्ये फोनवर बोलत येरझाऱ्या घातल्या आणि डॉक्टर यायच्या आत निघून गेले. आणि पाणीपट्टीच्या दिवशीचं ते लग्न! तेही तुझ्याच आजारपणाच्या खात्यात जमा झालं.

वकीलसाहेबांनी रुमाल काढला. खरोखर डोळे पुसले. म्हणाले, 'साहेब, आम्हाला कल्पना असती तर... ठराव मागे घेतो.' मास्तर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, पाठोपाठ सगळं टेबल. कुणीतरी म्हणालं, आता नेतृत्वावर विश्वासाचाच ठराव करू. हात वर झाले. विरोधात कोण, असं उगाच रीत म्हणून विचारलं, तेव्हा मी एकटीने हात वर केला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच तुला आजारी पाडलं. उशाशी कोण बसतं ते मी तिथे सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग तुझ्या आजारावर त्या टेबलावर चर्चा झाली असती, खरं किती, खोटं किती, म्हणून. ते मला सहन झालं नसतं.

बाहेर पॅसेजमध्ये वकीलसाहेब मास्तरांना म्हणत होते, 'पण वेळ काय साधली हो! मानलं पाहिजे.' आणि दोघं हसले. डोळे अजून ओलेच होते.

आता जे सांगायला हे लिहितेय ते. भाऊजींच्या माणसाने जिन्यातच पत्रकारांना सगळं सांगितलं. मी उतरले तर एका पोरीने माइक पुढे करून विचारलं, 'ताईंचं ऑपरेशन कधी आहे?' संध्याकाळच्या बातम्यांत हे येणार. तू मला शपथ घातली होतीस, लेकीचं बाळंतपण होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही. मी ती पाळली. आईलासुद्धा बोलले नाही. तुला सारखा फोन लावतेय, पण इंजेक्शननंतर झोपलीयस, उठवू नका म्हणून नर्सबाई ऐकायला तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे. म्हणून हे पत्र ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. मी आईकडे निघालेय, तिला मी सांभाळते. पण लेकीला मी सांगू शकत नाही गं, तो हक्क तुझा आहे. जाग आली की चूळ भर, थोडं पाणी पी, आणि आधी तिला फोन कर. हे तिला टीव्हीवरून कळायला नको. तिने तुझ्या तोंडून ऐकावं.

तुझीच,
बारकी