एका बहिणीसाठी प्रार्थना

४ फेब्रु., बुध.
चर्चमधल्या बायकांची दुपारची सभा आमच्याकडे. अकरा जणी. पोहे पुरले. मैत्रीण कमलची गोदामात ड्युटी, म्हणून ती नव्हती. प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा मी म्हणाले, "एक बहीण आहे, नाव सांगत नाही. मुलीचं लग्न ठरलंय, पण मुलीला फिट येतात. प्रार्थना करा." सगळ्या माझ्याकडेच बघत. खरं लिहिते, बरं वाटलं. अठरा तारखेचा बायबलचा पाठ पाळकबाईंनी मला दिला. शहाणपण आणि मूर्खपण, दोन बाया, दोघी आपापल्या दारातून वाटसरूंना हाका मारतात. सोपा आहे.

५ फेब्रु., गुरु.
वडप्याच्या गोदामात पॅकिंग, कमलशेजारीच. तिने डब्यातली वालाची भाजी दिली. खाल्ली. कालचं सांगितलं नाही. नाव कुठे घेतलं होतं मी? पण आमच्या मंडळीत लग्न ठरलेली मुलगी सध्या एकच. कमलची लेक, प्रेरणा.

८ फेब्रु., रवि.
उपासनेनंतर प्रेरणाच्या नवऱ्या मुलाच्या आत्याने बाजूला घेतलं. "बरं झालं बाई, प्रभूने तुमच्या तोंडून आम्हाला सावध केलं." ती त्या दिवशी सभेत होती हे मला माहीत होतं. चटई मीच सरकवली होती तिला.

१० फेब्रु., मंगळ.
लग्न मोडलं. कमलने टेबल बदललं. जेवणाच्या सुट्टीत गेले तिच्याजवळ.
"तुला एकटीला सांगितलेलं. दुसऱ्या कुनाला न्हाय."
वर मीच म्हणते, लपवून लग्न करणं तरी बरोबर का?
"लपवत कोन होतं? या रविवारी पोर सोता सांगनार होती त्याला. हिंमत गोळा करत होती."
माझी लाज वाटते मला.

११ फेब्रु., बुध.
सभा. आज प्रेरणाचं नाव घेऊनच प्रार्थना झाली. मी आमेन म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने.

१३ फेब्रु., शुक्र.
पाठाची तयारी. मूर्ख बाई हाक मारून सांगते की चोरलेलं पाणी गोड लागतं. इतकी वर्षं वाटायचं, हे बाहेरख्याली लोकांसाठी लिहिलंय. आपला काय संबंध! त्या बुधवारी किती गोड लागलं होतं...

१५ फेब्रु., रवि.
उपासना बुडवून शेलार गावात, कमलच्या घरी. दारातच म्हणाली, "प्रार्थना करायला आली असशील तर जा."
चूक माझी, एवढंच म्हणता आलं.
"मला काय सांगते? जिथं बोललीस तिथं सांग."
प्रेरणा तांब्या घेऊन आली. वाळलीये पोर. "मावशी, पाणी प्या आधी." उभ्यानेच प्यायले आणि रडले. कमलने दार लावलं नाही. आत ये असंही म्हणाली नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
उद्या सभा. त्या दिवशीच्या सगळ्या येणार, आत्यासुद्धा. पाठ वहीत उतरवला. मूर्खपणाला उदाहरण हवं होतं. हात आपसूक चालला: "एक बहीण होती. तिने मैत्रिणीचं गुपित फोडलं." ह्यांनी चहा पिता पिता वाचलं.
"छान आहे. कोण गं ही?"
"तुम्ही नाही ओळखत."
वीस वर्षांचा संसार आणि मी हे उत्तर दिलं!
ते उठल्यावर "एक बहीण" खोडलं, वर "मी" लिहिलं. उद्या उभी राहिल्यावर काय वाचेन, देव जाणे. खोडलेलं अजून नीट वाचता येतंय.